बधिरांध व्यक्तीशी बोलताना या चुका टाळा

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे हात पकडणं. बधिरांध म्हणजे ज्याला ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही, किंवा दोन्ही फार कमी. खुणा तो स्पर्शाने समजून घेतो, म्हणून त्याचा हात हाच त्याचा कान आणि डोळा. तो आपण मनगटाला धरून ओढला की त्याचं ऐकणंच बंद पाडलं. आपला हात त्याच्या हाताखाली सरकवा. वर हात त्याचा, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला सहज उचलता येतो. लहान बधिरांध मुलांना वस्तू दाखवतानाही हेच.

दुसरी चूक जास्त बारीक आहे, आणि चांगला सराव असलेल्यांचीही होते: गप्प राहून ऐकणं. तो बोलतोय, आपण मान डोलावतोय. त्याला मात्र वाटतं, समोर कुणी आहे की उठून गेलं? अमेरिकेत सिएटलमध्ये 2007 च्या सुमारास जेलिका नुचिओ आणि एजे ग्रांडा या बधिरांध मंडळींनी पुढे आणलेल्या ‘प्रोटॅक्टाइल’ या स्पर्शाच्या भाषेत यावर साधा उपाय आहे. गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, एक हात समोरच्याच्या मांडीवर, आणि ऐकता ऐकता बोटांनी टपटप करत राहायचं. ‘हं, कळतंय, पुढे?’ हे सगळं त्या टपटपीत येतं. वस्तूचा आकार सांगायचा तर ऐकणाऱ्याचाच हात त्या वस्तूच्या जागी घेतात. डोळ्यांसाठी घडलेल्या खुणा नुसत्या हातात दिल्या तर भुवया उंचावून विचारलेला प्रश्न हरवतो, ही त्यांची तक्रार रास्तच होती.

पण व्हिडिओ बघून अमेरिकन सांकेतिक भाषेतली हातांनी दाखवायची मुळाक्षरं घोकू नका! ती एका हाताची. भारतीय सांकेतिक भाषेतली दोन हातांची. मुंबईत 1977 पासून हेलन केलर इन्स्टिट्यूट बधिरांध मुलांसाठी काम करते. अशा ठिकाणी जाऊन शिकलेलं बरं.

सगळ्यांना एकच पद्धत लागू करणं हीही चूकच. अशर सिंड्रोममध्ये ऐकू न येणं बहुधा जन्मापासूनचं असतं, नजर पुढे हळूहळू जाते. असा माणूस खुणांच्या भाषेतच वाढलेला असू शकतो. दुसऱ्या कुणाला थोडं दिसतं, थोडं ऐकूही येतं. म्हणून सोबतच्या नातेवाइकाला ‘यांना काय कळतं हो?’ असं विचारू नका, त्यांनाच विचारा. काहीच जमत नसेल तर तळहातावर बोटाने लिहा: एकेक अक्षर, मोठं, सगळी त्याच जागी. शिरोरेषेचा हट्ट नको. चुकलं तर तळहात पुसल्यासारखा हात फिरवून पुन्हा.

दुभाष्याचं काम करताना फक्त शब्द पोचवणंही अपुरंच. कोण हसलं, कोण आत आलं, चहा आला, सभा कंटाळली, हेही हवं. त्यासाठी पाठीवर किंवा दंडावर ठरवलेल्या खुणा करतात.

निघताना न सांगता निघू नका. सांगा, आणि खुर्चीची पाठ किंवा भिंत त्यांच्या हाताला लागू दे, मग जा.