भाडेकरूने घराची नासधूस केली आणि एजंट हात वर करतोय? असे पुढे जा

मुलं पुण्यात नोकरीला, सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागातला फ्लॅट एजंटच्या ताब्यात. इथे पाणी रोज येत नाही, त्यामुळे एखादा नळ उघडा राहतो आणि पाणी आलं की घरभर पसरतं. भाडेकरू गेल्यावर दिसतात फुगलेल्या ट्रॉल्या आणि ओल धरलेल्या भिंती. एजंट म्हणतो, "माझं काम भाडेकरू आणण्यापुरतं."

पहिली पायरी: खरंच काम तेवढंच होतं का, ते तपासा. एका महिन्याचं कमिशन घेऊन त्याने फक्त भाडेकरू गाठून दिला असेल, तर नुकसानभरपाई भाडेकरूकडेच मागावी लागेल. पण दरमहा पैसे घेऊन देखरेख, किल्ली परत घेताना पाहणी किंवा डिपॉझिट सांभाळणं त्याने स्वीकारलं असेल, तर गोष्ट वेगळी. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 212 नुसार एजंटने हयगय केली तर तिच्यामुळे थेट झालेलं नुकसान त्याने भरून द्यायचं असतं. कलम 213 प्रमाणे मागितल्यावर हिशोब देणंही त्याला बंधनकारक आहे. त्यामुळे मागणी करताना दोघांची जबाबदारी वेगवेगळी मांडा. एकत्र कालवली की दोघेही निसटतात.

दुसरी पायरी: सुतार-प्लंबरला हात लावू देण्याआधी खोलीवार फोटो आणि व्हिडिओ काढा, शेजाऱ्यांसमोर पाहणी करून सह्या घ्या, दुरुस्तीचे लेखी अंदाज मागवा. वापराने विटलेला रंग यात धरू नका, त्याने खरी मागणीही लंगडी पडते. एजंटशी झालेलं व्हॉट्सअॅप संभाषण मूळ फोनवर ठेवा; ते पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र (ही इलेक्ट्रॉनिक नोंद कोणत्या उपकरणातून, कशी घेतली ते सांगणारं) जोडावं लागतं.

भाडेकरार नोंदलेला आहे का, तेही बघा. महाराष्ट्रात नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं.

मग वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: डिपॉझिटचा हिशोब, नुकसानीची रक्कम, पंधरा दिवसांची मुदत.

उत्तर आलं नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीचा (कोर्टात दावा लावण्याआधीच मिटवण्याचा) अर्ज करता येतो. एजंटच्या सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगही आहे. तिथली मुदत दोन वर्षांची, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, म्हणजे पुण्यात राहणाऱ्या घरमालकाला प्रत्येक तारखेला सोलापूर गाठावं लागत नाही.