इंग्रजी वाक्यातली चूक पकडायची कशी? आधी क्रियापद, मग त्याचा धनी

इथे इंदुरात भंवरकुआँचे क्लासेस सुटले की काही मुलं-मुली संध्याकाळी माझ्याकडे लोकमान्य नगरला येतात. बहुतेक जण एसएससी (दहावी नव्हे, केंद्र सरकारच्या नोकरभरतीचा आयोग) नाहीतर बँकेच्या परीक्षेची तयारी करणारे. नियम त्यांच्या वहीत शेकड्यांनी उतरवलेले असतात. तरीही वाक्य समोर ठेवलं की म्हणतात, "मावशी, काहीतरी गडबड आहे, पण कुठे ते समजत नाहीये."

समजत नाही, कारण चूक आपल्याच घरातून आलेली असते. वाक्य मराठीत किंवा हिंदीत जुळतं आणि त्यावर इंग्रजी शब्द चढतात. कानाला ते ओळखीचं वाटतं, म्हणून डोळा तिथे थांबत नाही. त्यासाठी मी सगळ्यांना एकच सवय लावते. वाक्य एकदा नुसतं अर्थासाठी वाचायचं. मग पेन्सिल घ्यायची, क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारायची आणि त्याला विचारायचं: तुझा धनी, म्हणजे कर्ता, कोण?

हे वाक्य बघा: 'द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड निअर राजवाडा आर नॉट गुड.' क्रियापद 'आर'. चांगलं काय नाही? आंबे, असं दहातली सात मुलं सांगतात, कारण आंबे क्रियापदाच्या जवळ बसलेत. आता 'ऑफ'पासून 'राजवाडा'पर्यंतचं सगळं पेन्सिलीने कंसात टाका. उरलं काय? 'द क्वालिटी आर नॉट गुड.' चूक लगेच उघडी पडते, तिथे 'इज' हवं. 'अलाँग विथ', 'ॲज वेल ॲज' यांनी जोडलेला मजकूरही असाच कंसात जातो: 'द क्लर्क, अलाँग विथ टू प्यून्स, वॉज प्रेझेंट.' मागे शिपाई दोन असोत की दहा, धनी क्लार्कच. 'वन ऑफ'नंतर मात्र नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी: 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन देवास.' यात 'फ्रेंड्स'चा 'एस' गाळणारे फार आहेत.

धनी सापडला की काळ तपासा. आपल्या इंदूरकरांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते, म्हणून इथे जरा जास्त थांबते. "काल मी सराफ्यात (इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात) गेले होते," असं आपण सहज म्हणतो. हिंदीतही "गई थी". त्यावरून इंग्रजीत येतं: 'आय हॅड गॉन टू सराफा यस्टरडे.' हे चूक आहे. इंग्रजीतला 'हॅड' एकट्या घटनेला सहसा लागत नाही. भूतकाळात दोन गोष्टी घडलेल्या असाव्या लागतात, आणि त्यातल्या आधीच्या गोष्टीला तो लागतो: 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' गाडी आधी सुटली, मी नंतर पोचले. काल सराफ्यात गेलात, गराडू खाल्ले, घरी आलात, तर साधं 'आय वेंट' पुरतं.

हा नियम मला अपमानातून कळला. १९८६ साली एका शाळेत नोकरीसाठी अर्ज केला होता. त्यात लिहिलं, 'आय हॅड पास्ड माय एम.ए. इन १९८५.' मनात हिंदीतलं "किया था" घोळत होतं. अर्ज परत आला. 'हॅड'भोवती लाल गोल होता, बाकी एक अक्षर नाही. काय चुकलं हे सांगायची तसदीही कुणी घेतली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून मुलांच्या वहीत मी नुसता गोल कधीच करत नाही, शेजारी कारण लिहिते.

'पासून' हा शब्दही असाच फसवतो. सकाळपासून, दोन तासांपासून. मराठीला दोन्हीकडे एकच शब्द चालतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', लांबी सांगायची तर 'फॉर'. 'सिन्स मॉर्निंग', पण 'फॉर टू अवर्स'. शिवाय 'मी १९९८पासून इथे राहते' यातलं 'राहते' वर्तमानकाळी, म्हणून मुलं लिहितात, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स १९९८.' तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' पाहिजे.

शब्दयोगी अव्ययांचं पाठांतर मी करून घेत नाही. चूक कोणत्या मराठी शब्दातून आली ते विचारते. 'माझ्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन मी'. हवं 'अँग्री विथ मी'. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरिड विथ हर'. हवं 'मॅरिड टू हर'. 'विषयावर चर्चा' म्हणून 'डिस्कस ऑन' किंवा 'अबाउट'. 'डिस्कस'ला काहीच लागत नाही. 'जरी… तरी' म्हणून 'दो… बट'; 'दो' आलं की 'बट' काढून टाका.

'अ' की 'ॲन', यासाठी तर आपल्या हातात इंग्रजांकडेही नसलेलं साधन आहे, आपली देवनागरी! शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. ऑनेस्ट, अवर, एमएलए: तिन्ही स्वरांनी सुरू होतात, म्हणून 'ॲन'. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे रोड: 'य' आणि 'व' व्यंजनं, म्हणून 'अ'. रोमन स्पेलिंग डोळ्याला चकवतं, देवनागरी उच्चार जसाच्या तसा समोर ठेवते. फक्त उच्चार शुद्ध हवा. आपल्याकडे 'इस्कूल', 'इस्टेशन' म्हणायची सवय आहे, आणि तसं म्हणणाऱ्या मुलाने माझ्यासमोर 'ॲन स्कूल' लिहिलंय.

'इन्फॉर्मेशन', 'फर्निचर', 'ॲडव्हाइस' यांना 'एस' लावायचा नाही. एवढं पाठ करूनच टाका.

आता 'नो एरर', म्हणजे 'वाक्यात चूक नाही' हा पर्याय. एसएससीच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, ५० गुणांचे, आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापतात. त्या भीतीने मुलं धडधाकट वाक्यातही चूक शोधत बसतात. 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक' बरोबर आहे, कारण अंतर एकच धरलंय. 'इट इज टाइम वी लेफ्ट' कानाला विचित्र लागतं, पण तेही बरोबर. माझी अट अशी की चूक दाखवायची तर कारण एका वाक्यात सांगायचं. धनी बघितला, काळ बघितला, अव्यय, आर्टिकल, वचन सगळं बघितलं आणि कारण सापडलं नाही, तर 'नो एरर'वर खूण करून पुढे जायचं.

सराव रोज करा, पण तयार प्रश्नसंचापेक्षा स्वतःच्या वाक्यांवर. रात्री दिवसभराच्या पाच ओळी इंग्रजीत लिहा आणि वही मिटून ठेवा. सकाळी पेन्सिल घेऊन त्याच ओळी परक्याच्या समजून तपासा, कारण लिहिल्या लिहिल्या आपली चूक दिसत नाही. प्रत्येक चुकीपुढे ती कोणत्या मराठी किंवा हिंदी वाक्यातून आली ते लिहा. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका मुलीच्या वहीत पहिल्या आठवड्यात अकरा वेळा 'हॅड' होता, सगळे नको तिथे. तिने प्रत्येकापुढे "गई थी", "खाया था", "बोला था" असं लिहून काढलं. दिवाळीनंतरच्या पानांवर एकच 'हॅड' सापडला: 'बाय द टाइम आय गॉट होम, आई हॅड स्लेप्ट.' त्याची जागा बरोबर होती. मी शेजारी तेवढं लिहिलं, आणि खाली 'स्लेप्ट'ऐवजी 'गॉन टू बेड' सुचवलं.