वही घेऊन पेठांमध्ये: जुन्या पुण्यात चित्रं काढत कसं फिरावं

पुण्यात चित्र काढायचं म्हटलं की बहुतेक जण शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा गाठतात. दरवाजा देखणाच आहे, पण त्याच्यासमोर सगळे पाहुणेच असतात. मला पेठांमधली, हातानं काम करणारी माणसं काढायला आवडतात. त्यासाठी माझी वाट ठरलेली आहे: मंडई, तांबट आळी, त्रिशुंड गणपती. पहिल्या खेपेला चौथं ठिकाण घेऊ नका, दिवस नुसता चालण्यात जातो.

सामान थोडकंच घ्या. मांडीवर मावेल अशी जाड कागदाची वही, एक ४बी पेन्सिल, पाण्यानं न फुटणाऱ्या शाईचं पेन. यातलं काही नसेल तर अप्पा बळवंत चौकात मिळेल. रंगपेटी घरीच ठेवा. शक्यतो आडवारी निघा.

सकाळी मेट्रोनं मंडई स्टेशनला उतरा. समोरची अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत १८८६ सालची. तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. तिच्यावर एवढा पैसा घालण्याला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज मंडईला त्यांचंच नाव आहे. हे कळल्यापासून मी मनोरा नंतर काढते, आधी भाजीवाल्या मावशी. तुम्हीही तसंच करा. आधी पावशेर मिरच्या घ्या, मग विचारा, "मावशी, इथं कडेला बसून चित्र काढू का?" गिऱ्हाइकाच्या वाटेत बसू नका. चेहऱ्याच्या मागे लागू नका. पाठीचा बाक, तराजू धरलेला हात आणि पाट्यांची उतरण एवढं जमलं की माणूस ओळखू येतो. झालं की वही त्यांना दाखवा. ही पायरी कधीच गाळू नका.

तिथून चालत कसब्यात या. तांबट आळी शोधायला नकाशा लागत नाही, ठोक्यांचा आवाज आधी येतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकाशेजारी एक ठोके घालत जाण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. त्यानं पत्रा कडक होतो आणि अंगभर चमकते टिकले उठतात. दारात उभं राहून परवानगी मागा. काम चालू असताना गप्पा नकोत, हातात हातोडी असते.

इथं वेळ काढा. पहिली दहा मिनिटं पेन्सिल उचलूच नका, नुसता ठोका ऐका. हात वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो. तो थांबतो तेवढाच क्षण काढायचा. एकाच पानावर तोच हात पाच-सहा वेळा काढा, पुसू नका. मी सुरुवातीला अख्खा कारखाना एका चित्रात कोंबायला जायचे आणि सगळं दगडासारखं गोठून जायचं. फक्त हात काढायला लागले तेव्हा कुठं पानात हालचाल आली. भांडं काढताना सगळे टिकले मोजत बसू नका. उजेडाच्या कडेचे चार नीट काढा, बाकीचे विरत जाऊ द्या.

चहा घ्या, बोटांना आराम द्या, मग सोमवार पेठेत नागझरीकाठच्या त्रिशुंड गणपतीला जा. अठराव्या शतकातलं हे काळ्या दगडाचं मंदिर. आत तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती आहे. आधी दर्शन घ्या. बाहेरच्या भिंतीवर गेंड्याला साखळदंडांनी बांधणारे गोरे शिपाई कोरले आहेत. तो दगड घडवणारेही हातानंच ठोके घालत होते, म्हणून मी हे ठिकाण शेवटी ठेवते. पूर्ण भिंत काढू नका. तो गेंडाच घ्या, साखळीची एकेक कडी सावकाश काढा, आणि ४बी दाबून सावल्या भरताना छिन्नीच्या कडांवरचा कागद कोरा सोडा.