आधी डेअरीची वेळ विचारा, मग मार्कर आणा

कोल्हापुरात गावाकडच्या गटांचं प्रशिक्षण ठरलं की आपण पहिल्यांदा कागद-मार्कर आणायला धावतो. ते काम शेवटचं. आधी येणाऱ्या माणसाचा दिवस लिहून काढा. करवीर-कागलकडची बाई सकाळी धार काढून दूध डेअरीला घालते आणि संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणजे आपल्या हातात साडेदहा ते चार, एवढंच. चंदगडहून कुणी येणार असेल तर शंभरावर किलोमीटरचा प्रवास आहे, तेव्हा आदल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय हवी. एसटीनं येणाऱ्यांना कुठं उतरायचं, मध्यवर्ती स्टँडला, रंकाळ्याला की संभाजीनगरला, हे फोनवर सांगा आणि परत त्यांच्याकडून वदवून घ्या.

तारखेचं तेच. पावसाळ्यात गगनबावडा-राधानगरीकडं रोपलावण असते, दिवाळीच्या आसपास ऊसतोड सुरू होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकू लागली की नदीकाठची माणसं अंगानं हॉलमध्ये आणि मनानं गोठ्यात असतात. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्यांना त्यात दोष कसा देणार? मी एकदा जोतिबाच्या चैत्री यात्रेच्या आदल्या दिवशी प्रशिक्षण ठेवलं होतं. पंचवीसांतले नऊ आले, त्यातले तिघं जेवायच्या वेळेला. तेव्हापासून पंचांग आणि गावच्या बाजाराचा वार पाहिल्याशिवाय तारीख देत नाही.

आता विषय. ‘माहिती देणे’ असं लिहिलं असेल तर खोडा. घरी जाताना त्यांना काय करता आलं पाहिजे, ते एका वाक्यात लिहा: ‘गटाची बैठक अशी चालवता येणे की कुणी एकटीच बोलणार नाही.’ मग त्याला लागणारी सत्रं मांडा आणि निम्मी कापा. जीव तुटतो, पण कापा. डेव्हिड कोल्बनं 1984 मध्ये मांडलेलं अनुभवातून शिकण्याचं चक्र (आधी अनुभव, मग त्यावर विचार, त्यातून अर्थ, मग करून बघणं) आपल्यापैकी बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या शिबिरात ऐकलेलं असतं, तरी खेळ रंगला की टाळ्या वाजवून आपण पुढच्या खेळाकडं जातो. खेळ वीस मिनिटांचा असेल तर त्यावरच्या गप्पांना चाळीस मिनिटं धरा. प्रश्न आधी वहीत लिहा: काय झालं? कसं वाटलं? आपल्या गावात असं कुठं होतं? मग आता काय करायचं? तिसऱ्या प्रश्नानंतर गट गप्प होतो. त्या शांततेत आपण तोंड उघडायचं नाही. यादीतलं सगळ्यात अवघड काम हेच, आणि त्याची खरेदी लक्ष्मीपुरीच्या बाजारात होत नाही.

शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायला घेतलं. तरी आजही गटात साठीच्या एक-दोघी सही करताना अडखळतात. म्हणून ‘प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहा’ असलं काही ठेवू नका. चित्रं ठेवा. मत घ्यायचं तर चिंचोके द्या, ज्याला जे पटलं त्या चित्रावर तो टाकेल. ओंजळभर चिंचोके पिशवीत कायम असू द्या.

हॉल स्वतः जाऊन पाहा. खुर्च्या हलवून गोल करता येतात का, पंखे लावल्यावर मागचं बोलणं ऐकू येतं का, स्वच्छतागृहाला कडी आहे का. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात तिथं फक्त मूकाभिनय जमेल. लहान मुलं घेऊन येणाऱ्या आयांसाठी बाजूची खोली आणि सांभाळायला एखादी मावशी हवीच.

स्टेज असेल तर रिकामं ठेवा. पाहुण्यांना बोलवायचंच असेल तर समारोपाला. आपल्याकडं उद्घाटन म्हटलं की फेटे, श्रीफळ, सत्कार आणि ‘दोन शब्द’, यात सकाळचा ताजा तास-दीड तास जातो. (फेट्याशी माझं वैर नाही.)

जेवण साधं. तांबडा-पांढरा पहिल्या दिवशी दुपारी ठेवाल तर अडीचला अख्खा गट डुलक्या घेत असेल. तो शेवटच्या दिवशी द्या. श्रावण आणि उपवासाचे वार बघा.

बाकी किरकोळ: पेपरटेप, जाड मार्कर, कात्री, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, प्रथमोपचाराची पेटी. गट पाडताना एक-दोन-तीन-चार मोजा, नाहीतर गाववार घोळके तसेच राहतात. सोबत सत्र चालवणाऱ्या सुलभकाशी आदल्या संध्याकाळी बसून कोण कधी बोलणार हे ठरवा. सतत बोलणाऱ्या भाऊंना वेळ पाळायचं काम कोण देणार, तेही.

आणि चार वाजायच्या आत, सगळे बसलेले असतानाच, महिन्याभरानं त्यांच्या गावात जायची तारीख त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. वेळ विचारताना डेअरीची धरूनच विचारा.