अमेरिकन गुरेवाल्यांच्या अनुदानाचे आकडे वाचताय? या चुका टाळा

अमेरिकेत कोणत्या शेतकऱ्याला सरकारकडून किती पैसे मिळाले, ते नावानिशी बघता येतं. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने १९९५ पासूनच्या नोंदी खुल्या ठेवल्या आहेत. काउंटी (तिथला जिल्हा) निवडली की यादी समोर. मग आपल्याकडे सुरू होतं, "बघा, तिकडे नुसत्या गाई पाळल्या तरी पैसे!" जरा थांबा.

सगळ्यात मोठी फसगत वर्षाची. २०१२ हे नेब्रास्का या राज्याच्या नोंदींतलं सर्वांत कोरडं वर्ष. तरी त्या दुष्काळातल्या चाऱ्याची मदत २०१४ उजाडल्यावर हातात पडली. घोटाळा काही नाही. चाऱ्याची आणि मेलेल्या गुरांची, दोन्ही मदत योजनांची मुदत ३० सप्टेंबर २०११ ला संपली होती. फेब्रुवारी २०१४ च्या कायद्याने त्या कायम केल्या आणि मागच्या तारखेपासून लागू केल्या. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१३ च्या सुरुवातीला, शेजारच्या साउथ डकोटा राज्यात आधी पाऊस आणि त्यावर बर्फ असं वादळ आलं. गुरांच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केस अजून आलेच नव्हते. हजारोंनी मेली. नेमकं तेव्हाच वॉशिंग्टनमध्ये खर्चाच्या मंजुरीवाचून सरकारी कामकाज ठप्प, त्यामुळे काउंटीच्या कृषी ऑफिसालाही टाळं. रँचर, म्हणजे कुरणांवर गुरं पाळणारे, मेलेल्या गुरांचे फोटो काढून, कानातले बिल्ले जपून बसले. या पैशांना "२०१४ चा मलिदा" म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा. मेलेल्या गुरांची भरपाईही पूर्ण नव्हे: बाजारभावाच्या ७५ टक्के, आणि दरवर्षी मरतात तेवढी गुरं वजा करून उरतील तेवढ्यांचीच.

काउंटी म्हणजे आपला तालुका समजू नका. नेब्रास्कातली चेरी काउंटी साधारण १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आख्खा पुणे जिल्हा. माणसं मात्र साडेपाच हजारांच्या आसपास. चाऱ्याची मदत दर गुरुवारी निघणाऱ्या दुष्काळ-नकाशावर ठरते. चराईच्या हंगामात काउंटीच्या कुठल्याही कोपऱ्यावर डी-३ (अतितीव्र दुष्काळ) रंग चढला, की सगळी काउंटी पात्र: महिन्याच्या चाऱ्याच्या खर्चाच्या ६० टक्के, असे तीन महिने. इंदापूर करपलं म्हणून वेल्ह्यालाही मदत, असाच प्रकार. टीका करायचीच तर इथे करा, इथे जागा आहे.

यादीत जे नाही, त्याचाही हिशेब धरा. कुरणांच्या पाऊस-विम्याचा निम्म्याहून जास्त हप्ता सरकार भरतं, पण कोणाला किती लाभ झाला ती नावं कायद्याने गोपनीय. त्यात भरपाई ठरते ती नकाशावरच्या चौकोनातल्या पावसावरून. तुमच्या गोठ्यामागच्या पर्जन्यमापकाला कोणी विचारत नाही. सरकारी जमिनीवरची स्वस्त चराईही यादीबाहेरच: २०२५ मध्ये गाय-वासराच्या जोडीला महिन्याला १.३५ डॉलर. मात्र ही गोष्ट नेवाडा-वायोमिंगची. नेब्रास्कातली बहुतेक कुरणं खासगी आहेत, तिथल्या रँचरला यावरून बोल लावू नका.

आणि एकच नाव शोधून थांबू नका. चाऱ्याच्या मदतीला माणशी वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा आहे. एकाच रँचवर बाप, लेक आणि त्यांची कंपनी अशी तीन नावं वेगवेगळ्या ओळींत सापडू शकतात.