माथेरानच्या इंजिनाचे पितळी किट: पहिल्यांदा आराखडा करणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल

वाफेच्या इंजिनाचे मॉडेल मी आधी बरीच वर्षे स्वतःपुरते बनवत होतो, आणि त्या सवयीमुळेच माझे पहिले किट, म्हणजे दुसऱ्याने जोडायच्या सुट्या भागांचा संच, फसले. स्वतः बनवताना एखादा भाग बसला नाही तर आपण कानस घेतो, चार वेळा घासतो आणि विसरून जातो. किटमध्ये मात्र ती कानस दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असते आणि आपण काय गृहीत धरले होते, याचा त्याला पत्ता नसतो. यांत्रिकी अभियांत्रिकी शिकणारे किंवा नुकतेच कॅडवर (संगणकावर आराखडा काढण्याच्या सॉफ्टवेअरवर) हात बसवलेले जे तरुण या कामाकडे वळू पाहतात, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

इंजिन निवडताना मी घरचेच निवडले. नेरळ ते माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली आणि तिच्यासाठी बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार इंजिने आली. वीसास एक असा चढ आणि सतत वळणे, अशा मार्गासाठी या सहाचाकी इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस दिलेले होते. पहिल्या आणि शेवटच्या जोडीची चाके एका पोकळ नळीवर बसवलेली असतात, नळीच्या आतून खरा आस जातो आणि दोघे मध्यभागी गोल सांध्याने जोडलेले असतात. वळणावर नळी चाकांसह तिरकी होते, पण आतला आस चौकटीत सरळच राहतो, म्हणून बाहेरचे क्रँक (आसाच्या टोकांना बसवलेले हात) आणि त्यांना जोडणारे दांडे अडखळत नाहीत. या रचनेसाठी चौकट चाकांच्या बाहेर असावी लागते. इंजिनाकडे बाजूने पाहिले तर चाकांपेक्षा क्रँकच जास्त दिसतात, आणि त्याचे सगळे देखणेपण तिथेच आहे.

मोजमाप घेण्यासाठी मी नेरळ स्थानकाजवळ ठेवलेल्या इंजिनापाशी दोन रविवार घालवले. प्रदर्शनातल्या इंजिनावर रंगाचे थर चढलेले असतात आणि काही बारीक भाग गेलेले किंवा बदललेले असतात, त्यामुळे टेपने घेतलेले माप जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहावेच लागते. छायाचित्र शक्य तितक्या लांबून, झूम लावून, अगदी काटकोनात घ्यावे आणि चौकटीला टेकवून एक मीटरची पट्टी उभी ठेवावी. जवळून काढलेल्या फोटोत धुरांडे लहान आणि पायरी मोठी दिसते, आणि तो दोष कॅडमध्ये नंतर काढता येत नाही.

प्रमाणाचा निर्णय घाईने घेऊ नये. मी फुटाला सात मिलिमीटर, म्हणजे साधारण १:४३.५ हे प्रमाण घेतले. त्यात दोन फुटी रूळ १४ मिलिमीटर रुंद येतात, पण बाजारात सहज मिळणारे रूळ आणि चाके १६.५ मिलिमीटरची. आत चौकट असलेल्या इंजिनात हा अडीच मिलिमीटरचा फरक खपून जातो. इथे मात्र चाके चौकटीच्या आत असल्यामुळे चौकटीच रुंद कराव्या लागतात आणि इंजिन पोट सुटल्यासारखे दिसते. अखेर मी चौकटीच्या दोन बाजू जोडणारे आडवे पट्टे दोन्ही रुंदींचे एकाच किटमध्ये दिले आणि निवड बांधणाऱ्यावर सोडली. क्लीन-लिंडनरची नक्कल करण्याचा मोह मात्र आवरला: मधल्या आसाला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळीक आणि तेवढ्या लांब क्रँकपिना, एवढ्यावर मॉडेल वळणे घेते.

आता मुख्य काम, म्हणजे एचिंगचा पत्रा. पितळी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना आराखडा छापून रसायनाने नको असलेला धातू खाल्ला जातो. एकाच बाजूने खाल्ला तर जाडी साधारण निम्मी उरते. ही अर्धी खोली म्हणजेच आपली भाषा आहे. घडीची रेषा अर्ध्या खोलीची ठेवायची आणि ती नेहमी घडीच्या आतल्या बाजूला घ्यायची. रिव्हेटांसाठी मागून अर्ध्या खोलीचे ठिपके द्यायचे, मग बांधणारा बोथट सुईने ते दाबून पुढे उठवतो. खऱ्या इंजिनावरचे २५ मिलिमीटरचे डोके इथे ०.६ मिलिमीटरच्या आतच येते, त्यामुळे ठिपका जरा मोठा केला की इंजिनाला देवी आल्यासारख्या दिसतात. रसायन कडेनेही खात असते, म्हणून पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक मागू नये.

माझी पहिली चूक धुराच्या डब्याच्या, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या, धुरांड्याखालच्या भागाच्या वेष्टणात झाली. ०.३ मिलिमीटरचा पत्रा गोल वळवायचा होता आणि मी त्याची लांबी बाहेरच्या व्यासावरून काढली. पत्रा वळताना बाहेरून ताणला जातो, आतून दबतो आणि लांबी फक्त जाडीच्या मध्यावर कायम राहते. म्हणजे माझा पत्रा पाय (π) गुणिले ०.३, जवळजवळ ०.९४ मिलिमीटर जास्त लांब झाला होता. व्यास केवढाही असो, चूक तेवढीच राहते. कागदावर ती नगण्य वाटते. हातात मात्र दोन कडा एकमेकींवर चढल्या आणि रिव्हेटांची रांग पायाशी वाकडी झाली. तो पत्रा अजून माझ्या टेबलासमोर भिंतीवर टाचलेला आहे.

दुसरी चूक मला मित्राने दाखवली. चाचणीचा पत्रा त्याला दिला आणि शेजारी गप्प बसून राहिलो, हे सर्वांत अवघड काम होते. त्याने पाण्याच्या टाकीचा डावा भाग उचलला, आतबाहेर फिरवून पाहिला आणि उजवीकडे चपखल बसवून झाळूनही टाकला, कारण दोन्हीकडच्या खाचा मी सारख्याच ठेवल्या होत्या. दोष त्याचा नव्हता. तेव्हापासून प्रत्येक भागाची एक जीभ (खाचेत बसणारे टोक) मी मुद्दाम दोन मिलिमीटर सरकवतो, म्हणजे तो उलटा बसतच नाही. ही एक गोष्ट सूचनापत्राच्या दोन पानांचे काम करते.

झाळण्याचा क्रमही आराखडा करतानाच ठरतो. मोठे पत्रे उष्णता ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्याशेजारी आधी लावलेला बारीक भाग सुटून येतो. जाड चौकट आधी, बारीक भाग शेवटी, आणि शक्य असेल तिथे जास्त तापमानाला वितळणारे सोल्डर आधी वापरायचे. धुरांडे, घुमट, झडपा असे ओतीव भाग मी पुण्यातल्या दागिन्यांचे ओतकाम करणाऱ्या एका कारागिराकडून मेणाच्या पद्धतीने, म्हणजे साच्यातला मेणाचा नमुना वितळवून त्या जागी धातू ओतून, करून घेतले. धातू थंड होताना आकसतो, म्हणून मूळ नमुना थोडा मोठा द्यावा लागतो. किती, ते त्या कारागिरालाच विचारावे, प्रत्येकाचे गणित वेगळे असते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. एचिंगचा खर्च पत्र्याच्या क्षेत्रफळावर असतो, भागांच्या संख्येवर नाही. आराखड्यात कोपऱ्यांत रिकामी जागा उरली तर तिथे दिव्याच्या कड्या, हँडलचे आधार आणि नंबरपट्ट्या दोन-दोन जादा टाकाव्यात. चिमट्यातून सुटलेली कडी सतरंजीवर पडली की सापडत नाही, हे किट बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.