व्हीएफडी-एम ड्राइव्ह प्रोफिनेटला जोडताना गेटवेतलं स्केलिंग

व्हीएफडी-एम हा मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह मॉडबस भाषेत बोलतो, तर पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक) प्रोफिनेट या औद्योगिक नेटवर्कवर. या दोघांमधला दुभाषा म्हणजे गेटवे. गेटवे आकडे इकडून तिकडे नेतो, पण दशांश चिन्ह कुठे आहे हे त्याला कळत नाही. डेल्टाचा व्हीएफडी-एम ५०.०० हर्ट्झ हे ५००० म्हणून पाठवतो. पीएलसीचा प्रोग्राम प्रोफिड्राइव्हच्या (प्रोफिनेटवरच्या ड्राइव्हसाठी ठरवलेल्या) पद्धतीने लिहिलेला असेल, तर त्याच्या लेखी १०० टक्के म्हणजे १६३८४. हा मेळ गेटवेत किंवा पीएलसीत, पण एकाच ठिकाणी घाला. दोन्हीकडे स्केलिंग (आकड्यांचं हे रूपांतर) राहिलं की आकडा कित्येक पटींनी चुकतो आणि दोष कुणाचा हेच सापडत नाही.

आधी ड्राइव्ह तयार करा. पी८८ या सेटिंगमध्ये त्याचा मॉडबस पत्ता द्या. पी८९ ला ०१ ठेवा (संदेशाचा वेग ९६०० बॉड) आणि पी९२ ला ०४, म्हणजे आरटीयू (मॉडबसचा एक प्रकार), ८ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट. गेटवेच्या सीरियल पोर्टलाही नेमकं हेच भरा. फ्रिक्वेन्सी आरएस-४८५ (मॉडबसची सीरियल जोडणी) वरून घेण्यासाठी पी०० ला ०३, आणि चालू-बंदसाठी पी०१ लाही ०३. पी०१ ला ०४ चालतं, पण मग कीपॅडचं स्टॉप बटण काम करत नाही. चाचणीच्या काळात तरी ते हाताशी हवंच.

वाचण्यासाठी फंक्शन ०३ ने (मॉडबसचा वाचण्याचा आदेश) २१०३ हेक्स (१६ च्या पायावरचा आकडा) या पत्त्यापासून ४ रजिस्टर (आकडे ठेवायच्या जागा) घ्या: आउटपुट फ्रिक्वेन्सी (०.०१ हर्ट्झ), करंट (०.१ अँपिअर), डीसी बस म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्याचं व्होल्टेज (०.१ व्होल्ट) आणि आउटपुट व्होल्टेज (०.१ व्होल्ट). दशमान पद्धतीत २१०३ हेक्स म्हणजे ८४५१. काही गेटवे १ पासून मोजतात, तिथे ८४५२ लिहावं लागतं. इथे एकाने चुकलात तर फ्रिक्वेन्सीच्या जागी २१०२ येतं, म्हणजे दिलेली फ्रिक्वेन्सी. मोटर पूर्ण वेगावर असताना दोन्ही आकडे सारखेच, त्यामुळे चूक दिसतच नाही. मोटर थांबवल्यावरही ५० दिसत राहिलं, की समजा पत्ता घसरलाय.

म्हणून पहिली तपासणी मोटर बंद ठेवूनच करा. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर डीसी बस साधारण ५८५ व्होल्ट असते, म्हणजे रजिस्टरमध्ये ५८५० च्या आसपास. स्क्रीनवर ५८.५ आलं तर भागाकार दहापट जास्त झालाय. शून्य आलं तर बहुधा शेजारचं करंटचं रजिस्टर वाचलं जातंय. पत्ता आणि गुणक दोन्ही एकदम तपासले जातात, आणि शाफ्ट हलतही नाही.

बाइटचा क्रमही बघून घ्या. ५००० म्हणजे हेक्समध्ये १३८८. बाइट उलटले की ८८१३, म्हणजे ३४८३५. मॉडबस आणि प्रोफिनेट दोन्ही वरचा बाइट आधी पाठवतात, त्यामुळे सहसा अदलाबदल लागत नाही. इथरनेट/आयपी या दुसऱ्या नेटवर्ककडे मात्र लागते.

आता लिहिण्याची बाजू. खरा धोका इथे आहे. वेगाचा आदेश २००१ हेक्सवर जातो: आलेला आकडा × ५००० ÷ १६३८४. गेटवे पूर्णांकातच गणित करत असेल तर आधी गुणाकार, मग भागाकार. उलट केलंत तर ५००० ÷ १६३८४ चं शून्य होतं आणि मोटर हलतच नाही. मधला गुणाकार ८,१९,२०,००० पर्यंत जातो, तेव्हा त्यासाठी ३२ बिट लागतात.

प्रोफिड्राइव्हचा आदेश चिन्हासह असतो. पूर्ण उलटा वेग म्हणजे −१६३८४. गेटवेत हा डेटा चिन्हाविना घेतला, तर तोच आकडा ४९१५२ वाचला जातो आणि हिशोबाने १५००० येतात, म्हणजे १५० हर्ट्झ! म्हणून प्रकार चिन्हासहित १६ बिट ठेवा, २००१ वर फक्त परिमाण (चिन्ह काढलेला आकडा) पाठवा आणि ते ० ते ५००० मध्येच अडवा. दिशा २००० हेक्सवरच्या आदेशातून द्या: सुलट चालू १२ हेक्स, उलट चालू २२ हेक्स, थांबा ०१. ड्राइव्हच्या कमाल मर्यादेवर, म्हणजे पी०३ वर, विसंबून राहू नका.

मोटरला यंत्राशी जोडणारं कपलिंग सोडून मोटर १०, २५ आणि ५० हर्ट्झवर चालवा आणि प्रत्येक वेळी कीपॅडवरचा आकडा पीएलसीतल्या आकड्याशी ताडून बघा. एकाच बिंदूवर जुळलं म्हणून थांबू नका. गुणक आणि ऑफसेट दोन्ही चुकीचे असूनही एखाद्या बिंदूवर बरोबर उत्तर येतं. ४९.८७ च्या जागी ४९ दिसत असेल तर गेटवे अपूर्णांक कापतोय. तिथे रिअल (दशांशासह) प्रकार वापरा, किंवा ४९८७ तसाच पुढे जाऊ द्या आणि दशांश स्क्रीनवर दाखवा.

शेवटी केबल काढून बघा. बरेच गेटवे संपर्क तुटल्यावर शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतात, त्यामुळे बंद पडलेली मोटरही पडद्यावर छान ५० हर्ट्झवर फिरताना दिसते. वाचनासाठी टाइमआउटनंतर शून्य आणि वेगळं दोष-बिट ठेवा. ड्राइव्हच्या बाजूने संपर्क तुटल्यावर काय करायचं ते पी९० मध्ये आणि किती वेळाने ते पी९१ मध्ये भरा.